वाहनतळाला नडलेला प्रॉम्प्टर

गावातल्या हौशी नाटकमंडळीत कुजबुजे एकतीस वर्षं विंगेत बसले. प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही. अडलेल्या नटाला वाक्य द्यायचं, आणि ते त्यालाच ऐकू जावं, शेजारी उभ्या नटालाही नाही, ही त्यांची कारागिरी. टोपणनाव त्यावरूनच पडलं. खरं आडनाव आता फक्त त्यांच्या विजेच्या बिलावर उरलं आहे.

मंडळी मोडली आणि कुजबुजे घरात रमेनात. भाजी फोडणीला टाकतानाही ते सुनेला पुढची पायरी सांगू लागले. सून सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवरच्या सामुदायिक रेडिओ केंद्रात यंत्रं सांभाळते. तिने सासऱ्यांच्या गळ्यात सकाळी दहाचा गप्पांचा कार्यक्रम मारला. गावची बातमी, गावातली कला, एखादा विचार. अर्धा तास, थेट प्रक्षेपण. खोलीत एक टेबल, दोन माइक, भिंतींवर ठोकलेल्या सतरंज्या. काचेपलीकडे सून.

पहिल्याच आठवड्यात अडचण कळली. गावातली माणसं पारावर तासन्‌तास बोलतात, माइकपुढे दगड होतात. आणि आठ सेकंद कोणी बोललं नाही की केंद्र बंद पडलं असं समजून यंत्र आपणहून बासरी लावतं. मधमाश्या पाळणारे एक गृहस्थ अर्ध्या तासात चार वेळा बासरीत बुडाले.

त्यानंतर कुजबुज्यांची जुनी सवय जागी झाली. खोकला आला तर माइक क्षणभर बंद करायचं एक बटण त्यांच्यापुढे होतं. ते दाबायचं, तोंडावर हात धरायचा आणि पाहुण्याला वाक्य द्यायचं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर असाच अडला होता. तो एकदम म्हणाला, "निळा रंग मी शेवटी लावतो, कारण तो माझं ऐकत नाही." महिनाभर गावात सगळ्यांना निळ्याच पाट्या हव्या होत्या.

"बाबा, हे बरं नाही," सून म्हणाली. "तोंड पाहुण्याचं आणि बोलणं तुमचं."

"मी कुठे बोलतो? अडलेल्याला हात देतो."

"हात नव्हे, जीभ देताय."

मग बातमी आली की वाचनालयाची इमारत पाडून तिथे वाहनतळ होणार. ठराव गुरुवारी नगरपालिकेत येणार होता. इमारत गेली की माडी जाणार, माडीबरोबर रेडिओ, आणि कुजबुजे पुन्हा सुनेच्या फोडणीपाशी. मंगळवारी त्यांनी नगराध्यक्षांना कार्यक्रमाला बोलावलं.

नगराध्यक्ष तरुणपणी कुजबुज्यांच्याच नाटकमंडळीत राजाची कामं करत. आवाज खणखणीत, पाठांतर नावाला. तीन-तीन अंक ते कुजबुज्यांच्या जिवावर राज्य करत.

पंधरा मिनिटं त्यांनी वाहनतळाचे फायदे वाचून दाखवले. मग कुजबुज्यांनी साधा प्रश्न विचारला. "साहेब, एवढी पुस्तकं कुठे नेणार?"

साहेबांनी कागद उलटला. पाठीमागे काही लिहिलेलं नव्हतं. काचेपलीकडे सुनेने बोटं वर केली: तीन, चार, पाच. नगराध्यक्षांची नजर टेबलावरून सरकली, डावीकडे वळली, कुजबुज्यांवर येऊन थांबली. ती नजर कुजबुजे एकतीस वर्षं ओळखत होते. त्यांनी बटण दाबलं, तोंडावर हात धरला.

"कुठेच नेणार नाही. इमारत आहे तशी राहील."

नगराध्यक्ष ताठ बसले, उजवा हात छातीवर ठेवला आणि सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "कुठेच नेणार नाही. इमारत आहे तशी राहील." गडी रंगात आला होता. पुढे म्हणाले, "हा माझा शब्द आहे."

सुनेची बोटं तशीच हवेत राहिली.

साडेदहाला माइक बंद झाले आणि राजाचा नगराध्यक्ष झाला. "माझ्या तोंडात वाक्य घातलंस तू. मी ध्वनिमुद्रण ऐकणार."

सुनेने ऐकवलं. दोनदा. त्यात एकच आवाज होता.

"इमारत राहील, हे माझं," कुजबुजे म्हणाले. "कबूल. पण शब्द कोणी दिला? ते वाक्य मी दिलंच नव्हतं. वाक्य मिळालं की पुढे पदरचं जोडायची तुझी खोड जुनीच आहे."

"मी जाहीर करतो की तू फसवलंस."

"कर की. उद्या दहाला ये, माइक देतो. नगराध्यक्ष अजून प्रॉम्प्टिंगवर बोलतात, हे लोकांना तूच सांग."

नगराध्यक्षांचा फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी आभार मानले, अभिनंदन केलं. मग औषधाच्या दुकानदाराचा. मग साहेबांच्या सख्ख्या बहिणीचा. ती म्हणाली, दादा, आज पहिल्यांदा तुझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्या फोनला ते म्हणत होते, "अगं, माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं." सुनेने तोंड फिरवलं.

गुरुवारच्या कामकाजातून वाहनतळाचा विषय त्यांनी दुपारीच काढून घेतला. त्याआधी, केंद्रातून निघताना, ते दारात घुटमळले.

"पुन्हा मला बोलावू नकोस."

"बरं."

ते जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "पण वाक्य कसं पडलं?"

कुजबुज्यांनी विचार करून सांगितलं, "शेवटी जरा चढलास. बाकी ठीक."