सोबत घरचं कोण आलंय?

चारचौघांत माणसाला धक्का देण्याची जी हातोटी आमच्या समोरच्या दारातल्या काकांकडे होती, ती उभ्या मीरा-भाईंदरमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि नव्हती तेच बरं. भेटल्यावर लोक 'काय, कसं काय' म्हणतात. काका विचारायचे, "झोप कशी आहे?" तुम्ही 'छान' म्हणालात की जिन्यावरच उलटतपासणी सुरू व्हायची. लागते किती वाजता, पहाटे जाग येते का, आली तर पुन्हा डोळा लागतो का. सगळी हयात कोर्टात जबान्या लिहून घेण्यात गेलेली. निवृत्तीनंतर साक्षीदार संपले म्हणून त्यांनी आम्हाला धरलं, असं आमच्या इमारतीचं ठाम मत होतं. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती शेठजींकडे सत्यनारायण होता. मंडळी शिऱ्याच्या द्रोणांकडे डोळे लावून बसली होती. काकांनी शेठजींना दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, बीच-बीच में रोना आता है क्या?" कुठे तोंड लपवावं ते आम्हाला कळेना. आणि शेठजी, ज्यांना आम्ही कधी हळू आवाजात बोलतानाही ऐकलं नव्हतं, ते प्रसादाचा द्रोण हातात धरून ढसाढसा रडायला लागले.

दुसऱ्याच दिवशी काका त्यांना केबिन रोडवरच्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. या डॉक्टरांचा एक नियम होता. पेशंटबरोबर घरचं माणूस हवंच. आधी त्याला विचारायचं, हा असा केव्हापासून, पूर्वी कसा होता, घराण्यात कुणाला काही होतं का, मधे काही घडलं का; पेशंटशी बोलायचं ते नंतर. आमची सगळ्यांची गोची नेमकी इथे होती. मुंबई सोडून नव्याने इकडे आलेली आमची कुटुंबं. बायकोला किंवा भावाला 'मला त्या डॉक्टरकडे ने' असं सांगायची छाती कुणाची होणार? मग काकाच घरचं माणूस होत. कुणाचे चुलते, कुणाचे मेहुणे, आणि तसलं हिंदी बोलूनही शेठजींचे बेधडक सख्खे थोरले भाऊ. एका माणसाला इतके नातेवाईक नसतात हे डॉक्टरांच्या ध्यानात आलंच असणार. पण काकांची साक्ष इतकी चोख असायची की त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

'नोकरी गेली म्हणून झालं' असं कुणी म्हटलं की काका चिडायचे. "कारण कधी एकटं राहत नाही, त्याचं मोठं बिऱ्हाड असतं," ते म्हणायचे. "थोडं आईबापांकडून आलेलं, थोडं शरीरात बिघडलेलं, थोडं वर्षानुवर्षं गिळलेलं. सगळ्यांना विचारल्याशिवाय निकाल लिहायचा नाही." खारी गावातून एक मासळीवाली आमच्याकडे यायची. तिचा नवरा तीन महिने खाटेवरून उठत नव्हता, जाळ्याला हात लावत नव्हता. "त्याला बाहेरचं हाय, काका," ती म्हणाली. "दवाखान्याचं काम न्हाय." काकांनी वाद घातला नाही. भगताचा नारळ होऊ दिला आणि त्याच दुपारी नवऱ्याचं रक्त तपासायला पाठवलं, कारण मनाच्या आजाराचं नाव घेण्याआधी शरीर बघायचं, हे ते डॉक्टरांकडून शिकले होते. थायरॉइड निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत तो पुन्हा खाडीवर जायला लागला. भगत म्हणाला, नारळाने झालं. काका म्हणाले, होऊ दे त्याचंही नाव. मासळीवाली मात्र दर आठवड्याला काकांच्या दाराशी कोळंबी ठेवून जायची, आणि जन्मात अंडंही न खाल्लेले काका ती पिशवी दोन बोटांत धरून, मान फिरवून आमच्याकडे आणून द्यायचे.

माझी पाळी २००४ च्या सुमारास आली. ट्यूबलाइट घ्यायला दुकानात उभा होतो आणि छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, आता संपलं असं वाटलं. तीनदा असं झालं आणि तिन्ही वेळा कार्डिओग्राम स्वच्छ आला. काका माझे चुलते म्हणून बरोबर आले. माझ्यादेखत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की वडील गेल्यापासून हा कुलूप लावून दोन जिने उतरतो आणि परत वर येऊन ते ओढून बघतो. रस्त्यात गर्दी दिसली की मागच्या गल्लीने जातो. वडिलांचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतो. मी थक्क झालो. यातलं काही मी बायकोलाही बोललो नव्हतो, आणि शेवटचं तर मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. हे भीतीचे झटके आहेत, हृदयाचे नव्हेत, असं डॉक्टरांनी समजावलं. आजाराला नाव मिळालं तसं माझं अर्धं ओझं उतरलं.

पुढे एका उन्हाळ्यात काकांनी झोपेची चौकशी करणं सोडलं. नुसती मान हलवून जिना उतरायचे. चला, काका सुधारले, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मीही त्यात हसलो होतो, हे लिहिताना आज लाज वाटते. महिनाभराने एका सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं एकेक काज चुकून लावलेली.

"उद्या माझ्याबरोबर येशील का रे?" ते म्हणाले. "घरचं माणूस लागतं."

डॉक्टरांनी काकांना बाहेर बसवलं आणि मला विचारायला सुरुवात केली. हे केव्हापासून? झोपतात का? जेवतात काय? पूर्वी कधी असं झालं होतं? घरातलं कोण गेलं, केव्हा? नऊ वर्षं दाराला दार, आणि हा माणूस एकटा का राहतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. इतका हादरलेला मी त्या ट्यूबलाइटच्या दुकानातही नव्हतो. डॉक्टर रागावले नाहीत. काकांना आत घेऊन ते बराच वेळ बोलले, गोळ्या लिहून दिल्या, आणि मला म्हणाले, आठ दिवसांनी पुन्हा या, तोवर या प्रश्नांची उत्तरं बघून ठेवा.

परत येताना रिक्षात काकांनी विचारलं, "सगळं सांगितलंस ना नीट?"

मी हो म्हणालो.

"बरं केलंस. मला विचारलं तर काही आठवतच नव्हतं."

तो आठवडाभर मी ऑफिसातून आलो की त्यांच्याकडे जाऊन बसायचो. विचारायचं कसं ते मला येत नव्हतं. तीन संध्याकाळी आम्ही नुसता चहा प्यायलो. चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून बायकोचं नाव सांगितलं. गेली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मी खिशातला कागद काढला आणि त्यांच्यासमोरच ते लिहून घेतलं.