झाडपाल्याला घाबरणाऱ्या बाई

झाडपाल्यावर इतका अविश्वास असलेलं माणूस आमच्या समोरच्या बाईंशिवाय अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरं नसेल. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि एका औषधी झाडातल्या द्रव्याचा माशांच्या अंड्यांवर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत बघायच्या. मात्रा वाढली की गर्भाची वाढ पहिल्याच दिवशी थांबते, हे त्या हळदीकुंकवातसुद्धा सांगायच्या. कुणी काढ्याचं कौतुक केलं की तिच्या हातातला पेला घेऊन वास घ्यायच्या. "नैसर्गिक आहे म्हणतेस? विषही निसर्गच बनवतो गं." एकदा लिफ्टमध्ये पडेल चेहऱ्याने म्हणाल्या, "काल निम्मे गेले." बरोबरच्या माझ्या सासूबाई हादरल्या. "कुठे? अपघात झाला का?" गेले ते माशांचे गर्भ, हे कळल्यावरही सासूबाईंनी त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं-भात पाठवलाच.

मला दिवस गेले तेव्हा आत्याने गावाहून मळमळीवर चूर्ण पाठवलं. बाईंना कळलं तर तासभर ऐकून घ्यावं लागेल, म्हणून मी डबी कपाटात लपवली आणि रोज चमचाभर घेत राहिले. दुसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. दवाखान्यातून घरी आल्यावर बाई भेटायला आल्या, तेव्हा मी स्वतःच ती डबी त्यांच्यापुढे ठेवली. आत्याने वर झाडाचं नाव लिहिलं होतं. ते त्यांच्या प्रयोगातलंच झाड होतं.

"यामुळे झालं का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माहीत नाही. मी द्रव्य वेगळं काढून थेट पाण्यात घालते. ते मासे आहेत, तू बाई आहेस. काही न घेतासुद्धा पुष्कळजणींचं असं होतं." मग म्हणाल्या, "बरं वाटेल असं खोटं सांगू का?"

मी नको म्हटलं. त्या अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या.

त्यानंतर बाई कुणाला काही सांगेनाशा झाल्या. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, बाई निवळल्या. कुणी काढ्याचा विषय काढला की त्या माझ्याकडे एकदा बघायच्या आणि खिडकीबाहेर नजर लावायच्या. शेवटी एके दुपारी मी त्यांना म्हटलं, "बाई, माझ्यासाठी गप्प बसू नका. बोलत जा."

"बोलतच होते की," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर तू मला सांगितलं नाहीस."

मी उठून दोघींसाठी चहा टाकला.