समोरून आलेला डबा

कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रतन काउंटरवर बसते. लोक रुमालात, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून नको त्या डब्या आणतात आणि लाजत पुढे सरकवतात. "काका, लाजताय काय, सगळ्यांच्या पोटात तेच असतं," म्हणत रतन झाकण फिरवते, नमुना पुरेसा आहे का बघते आणि नाव चिकटवून मोकळी होते. तिला कशाची किळस येत नाही.

घरी मात्र दुसऱ्याच्या हातचा डबा आला की ती आधी तो कानाशी धरून हलवते. सासूबाई, गोदाबाई, म्हणतात, लॅबची सवय.

दिवाळीनंतर समोरच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं. नव्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून गोदाबाईंनी लगेच पोहे पाठवले. रतन कामावरून आली तोवर डबा परत येऊन ओट्यावर बसला होता. झाकण घट्ट.

"समोरची देऊन गेली. करिश्मा. बोलकी आहे हो! आणि तुझ्या माहेरची, मोहने गावचीच निघाली. म्हणाली, रतन नि मी एका वर्गात."

रतनने खांद्यावरची पर्स काढलीच नाही.

"काय आहे त्यात?"

"मला काय माहीत? रिकामा तर कोण देत नाही. उघड की."

रतनने डबा कानाशी नेला. आत काहीतरी खडखडलं.

"तुम्हीच उघडा, आई."

आत नारळाच्या वड्या होत्या. गोदाबाईंनी एक उचलली.

"थांबा!"

"का गो? विष घातलंय?"

"तसं नाही…"

गोदाबाईंनी वडी तोंडात टाकली. रतन त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

सातवीत असताना रतनच्या डब्यात आधी खडूचा चुरा निघायचा. मग पेन्सिलीची सालं. एकदा भाकरीखाली मेलेली पाल निघाली. रतन किंचाळली आणि मागच्या बाकावरून जे हसणं फुटलं, ते करिश्माचं होतं. बाई म्हणाल्या, "मुलींची मस्करी गं, एवढं काय." दुसऱ्या दिवसापासून रतन वर्गात "पाल" झाली, आणि दहावीपर्यंत पालच राहिली. डबा न्यायचं तिने बंद केलं. आईला सांगितलं, मला शाळेत भूकच लागत नाही.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्न होऊन डोंबिवलीत आल्यावर तिला वाटलं, सुटले. इथे ती नुसती रतन होती. आता ते नाव दाराबाहेर चार पावलांवर येऊन राहिलं होतं.

डबे चालू झाले. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, या पद्धतीत गोदाबाई कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. इकडून घावणे गेले, तिकडून बोंबलाचं कालवण आलं. इकडून शिरा, तिकडून बेसनाचे लाडू. रतन दरवेळी काहीतरी कारण काढायची. आज ॲसिडिटी आहे. आज उपास आहे.

"मंगळवारी कसला उपास?"

"गणपतीचा."

"आणि परवा बोंबलाला?"

रतन ताटं मांडायला लागली.

जिन्यात करिश्मा बायकांशी खिदळताना दिसली आणि रतन येताच सगळ्या थांबल्या. रतनने तेवढ्यावरून रात्र जागून काढली. एवढं गोड का वागतेय? काय हवंय हिला? सांगून तर टाकलं नसेल? एका संध्याकाळी गोदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "करिश्मा तुझ्या शाळेच्या गोष्टी सांगत होती."

"कसल्या गोष्टी?"

"हुशार होतीस म्हणे."

"अजून?"

"अजून काय? एवढंच."

हे "एवढंच" रतनला खरं वाटेना.

शनिवारी गोदाबाई देवळात गेलेल्या. बेल वाजली. दारात करिश्मा, हातात डबा.

"घे गो, गरम हाय. आज तरी तू खा. सासूबाई सांगत होत्या, तुला गोड चालत नाही."

"मला चालतं."

"मग?"

"काय आहे यात?"

"उघड ना."

"तू उघड."

करिश्मा हसत डबा पुढे करणार, तेवढ्यात तिला दिसलं, रतनने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेत. तिचं हसू गेलं.

"रतन, तू अजून ते…"

"ते म्हणजे काय? नाव घे त्याचं."

"पाल," करिश्मा हळूच म्हणाली. "पण मी नव्हती टाकली गो. आईशप्पथ. त्या दुसऱ्या पोरींनी. मी फक्त हसायचे."

"पाल मेलेली होती, करिश्मा. मला हसणंच ऐकू यायचं."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"म्हणून तर रोज काहीतरी करून पाठवते," करिश्मा म्हणाली. "वाटलं, एक दिवस तू बेल वाजवशील, म्हणशील, मस्त झालेलं. मग मी सुटले."

"म्हणजे हे तुझ्यासाठी चाललंय."

करिश्माने गरम डबा दुसऱ्या हातात घेतला.

"ऐक. डबा आईंचा आहे. तो येणार-जाणार, मी मोडता घालणार नाही. पण माझ्या घरात येताना तो रिकामा आला पाहिजे. धुऊन, पुसून, रिकामा."

"रिकामा? अगं, सासूबाई काय म्हणतील तुझ्या? माझी आई तर जिवंत सोडणार नाही मला."

"म्हणू दे."

"किती दिवस?"

"मला नाही माहीत."

सोमवारी गोदाबाईंनी परत आलेला डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. "बघितलंस? साखरेचा दाणा नाही! एवढी गोड बोलते, आणि शिकवण काय ती नाही मेलीला!"

"मीच सांगितलं तिला तसं."

"तू? तुला काय वेड लागलं?"

मग रतनने सांगितलं. खडू, सालं, पाल. ते नावही सांगितलं. पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने. गोदाबाई हसतील म्हणून ती त्यांच्याकडे बघत राहिली. गोदाबाई हसल्या नाहीत. मग एकदम उसळल्या, "आणि मी तिचे लाडू खात बसले! मला सांगायचंस तरी!"

"चांगले होते का?"

"होते मेले. तेच तर." त्यांनी डबा पालथा घालून ठेवला. "उद्यापासून पाठवू की नको?"

"पाठवा. आपली पद्धत कशाला मोडायची?"

आता डबा भरलेला जातो आणि रिकामा येतो. झाकण रतन उघडते. आत तिचाच चेहरा स्टीलमध्ये वाकडा दिसतो, दुसरं काही नसतं, याची ती रोज नीट खात्री करून घेते.

परवा जिन्यात करिश्मा भेटली. "उद्या पुरणपोळ्या करतेय. पाठवू?"

"नको," रतन म्हणाली. तीन पायऱ्या उतरली. "अजून नको."

आणि मग, राहवलं नाही म्हणून, तिने वळून वर पाहिलं. करिश्मा हसत नव्हती. कुलपात किल्ली घालून तशीच उभी होती, खाली बघत.