मीना लई झाल्यात

आक्का पुस्तकातल्या माणसालाही नुसत्या नावानं हाक मारत नसे. घोडेगावात ती ब्लाउज शिवायची. दर शनिवारी दुपारच्या एस.टी.नं आमच्या डोंगरातल्या वाडीत, म्हणजे तिच्या माहेरी यायची आणि वाचनालयातलं मुलांचं एखादं पुस्तक पिशवीत घालून आणायची. देवळाच्या ओट्यावर बसून आम्हा पोरांना वाचून दाखवायची.

ती सगळी पुस्तकं एकाच मालिकेतली. लिहिणाऱ्याला नावं शोधायचा भारी कंटाळा असावा. जो तो राजू, नाहीतर मोहन, आणि पोरगी असली की मीना. एका पुस्तकात राजूनं बुडणारं वासरू वाचवलं, पुढच्यात राजू कोंबड्या चोरताना सापडला. आम्हाला वाटलं, तोच. त्याच्या पुढच्या पुस्तकात राजूला शाळेत बक्षीस मिळालं, तेव्हा माझा चुलतभाऊ दिलीप ओट्यावरून उठून चालायलाच लागला. म्हणाला, "कोंबडीचोराला बक्षीस? आपल्याला न्हाई ऐकायचं."

आक्का हसली नाही. "आरं, आपल्या वाडीत किसन किती हायेत?" तिनं विचारलं. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडं रीत, त्यामुळं किसन पोत्यानं. टाकीवरचा किसन, डायवर किसन, खालच्या आळीचा किसन. "मग ह्यांचंबी तसंच," ती म्हणाली. त्या दिवसापासून वासराचा राजू, कोंबड्यांचा राजू आणि बक्षिसाचा राजू ओट्यावर वेगवेगळे नांदू लागले. नवं पुस्तक आणलं की आक्का आधी पानं चाळायची आणि म्हणायची, "थांबा, पावणं कोनकोन आल्यात बघू द्या."

मला मात्र मीना व्हायचं होतं. प्रत्येक मीना हुशार, शहरातली. माझं नाव चिमाबाई, गेलेल्या आजीचं, आणि ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वाडीतली शाळा संपून घोडेगावला नाव घालायची वेळ आली तेव्हा मी हटून बसले, की आता मला मीना करा. बानं मळलेला तंबाखू गालात सारला. मग म्हणाला, "माझ्या आईचं नाव हाय ते. पन शिकायचं तुला हाय. आक्काला इचार."

मी विचारलं तेव्हा आक्का सुईत दोरा ओवत होती. "कर की," ती म्हणाली. "मी मीना म्हनीन. पन मीना लई झाल्यात बाय. तुला कुठली मीना म्हनू, तेवढं सांग."

मी म्हणाले, हुशार मीना.

"सगळ्याच हुशार हायेत. दुसरं काय?"

आक्कानं दोऱ्याला गाठ मारली. "तुझी आजी भाताचा भारा घेऊन उतार उतरायची, तवा लोकं वाट सोडायची. चिमाबाई म्हनलं की बास व्हतं, फुडं-मागं काय लावायला लागत नव्हतं. पन ती तिची गोष्ट. तुझं तू बघ." एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

शाळेच्या ऑफिसात क्लार्कनं नाव विचारलं. बा माझ्याकडं बघत होता. मी खालमानेनं म्हणाले, "चिमाबाई." बा लगेच खिडकीबाहेर बघायला लागला आणि बराच वेळ वळला नाही. वर्गातल्या पोरी हसल्या. हसू देत, मार्क माझे चांगले होते.

यंदा मी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. आक्का उन्हाळ्यातच वारली होती, तरी पेढे घेऊन आधी तिच्याच घरी गेले. दारात तिची नवी नातसून आली. मला ओळखत नव्हती. आक्काच्या कोण तुम्ही, म्हणाली.

"तिच्या माहेरची," मी म्हणाले. "चिमाबाई."

आवाज जरा जास्तच मोठा लागला असावा. शेजारच्या खिडकीतून एका बाईनं डोकं बाहेर काढून पाहिलं.