दहाचा आकडा सेल्मरकाकाचा

आर्डिस टोलेफ्सनला बसता येत नव्हतं. चालता येई, उभं राहता येई, कुशीवर वळून झोपताही येई. पण खुर्चीला टेकली की कमरेतून जी कळ निघायची, ती थेट डाव्या टाचेत जाऊन थांबायची. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठाली पातेली उचलण्यात उभा जन्म गेला, त्याची ही पेन्शन, असं ती नवऱ्याला म्हणायची. बाहेर कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं: तक्रार करण्यासारखं काही नाही.

मिनेसोटाच्या त्या भागात हे उत्तर सगळेच देतात. घराला आग लागली तरी तिथली माणसं शेजाऱ्याला म्हणतील, सवड झाली की जरा डोकावून जा, घाई नाही.

रविवारी आर्डिस चर्चच्या दाराशी उभी राहून येणाऱ्यांच्या हातात प्रार्थनेचे कागद द्यायची. निवृत्तीनंतर बाईंना सेवेची हौस आली, असं लोकांना वाटलं. शेजारच्या बर्निसला मात्र तसं वाटलं नाही. ती एकदा सहज म्हणाली, की गेल्या वर्षभरात तुला बसलेली मी पाहिलीच नाही. झालं. बर्निसच्या कानी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत गावभर होते.

मग उपाय सुरू झाले. चादरीखाली साबणाची वडी ठेव, असं बर्निसने सांगितलं. पाद्रीबाईंनी तांब्याचं कडं दिलं. त्याने मनगट हिरवं झालं. हार्डवेअरच्या दुकानदाराने दाराच्या बिजागऱ्यांना मारायचं तेल कमरेला चोळायला लावलं, आणि आठवडाभर घरातला कुत्रा तिला हुंगत हिंडला. कुणी म्हणालं, बेदाणे जिनमध्ये भिजवून रोज चिमूटभर खा. गावात दारू घेतली तर बोभाटा होईल म्हणून आर्डिस मुद्दाम पुढच्या गावच्या दुकानात गेली, तर तिथे पाद्रीबाई उभ्या. दोघींनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि एकमेकींच्या पिशवीकडे बघितलं नाही. बेदाण्यांनी कंबर होती तशीच राहिली, पण ते दिवस बरे गेले.

हसण्यावारी नेलं तरी हा छळच होता. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना फक्त उपाय कळतात. गरम पाण्याच्या तलावात व्यायाम केला की पाण्यात असेतो बरं वाटायचं. गोळ्यांनी कळ बोथट व्हायची, पण डोकंही बोथट व्हायचं. एकदा तिने ॲपल पायमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं. नवऱ्याने, ऑरिनने, तो मुकाट्याने खाल्ला.

अशात बिलिंग्जहून मुलीचा, जोलीनचा, फोन आला. तिच्या मुलाचा बाप्तिस्मा ऑक्टोबरात ठरला होता. पहिलाच नातू, आणि आर्डिसने त्याला अजून पाहिलेला नव्हता. बिलिंग्ज म्हणजे गाडीने दिवसभराची वाट, आणि विमानातही बसावं लागतंच. मणक्यात द्यायचं एक इंजेक्शन होतं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. गावचे डॉक्टर तिथे फक्त जबर दुखण्याचे रोगी पाठवत, आणि जबर कुणाचं ते आकड्यावरून ठरे.

आकडा नर्स विचारायची. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. आर्डिस दर वेळी तीन सांगायची, कारण तिच्या हिशेबी दहाचा आकडा सेल्मरकाकाचा होता. त्याचा हात मक्याच्या यंत्रात गेला तेव्हा आधी गायींची धार काढा, मग मला न्या, असं म्हणालेला माणूस तो. त्याच्यापुढे आपली कंबर ती काय? तीन म्हणणंही तिला आगाऊपणाचं वाटे. मग डॉक्टर व्यायामाचा कागद देऊन परत पाठवत.

सप्टेंबरात ती पुन्हा गेली. एरवी ऑरिन बाहेर गाडीत थांबायचा. त्या दिवशी टोपी हातात घेऊन आत आला. मारिसोल नावाची नर्स टेक्सासकडची, गावात नवी. तिने खुर्ची पुढे केली. आर्डिस टेबलाची कड धरून उभीच राहिली.

"आज किती?" मारिसोलने विचारलं.

"तीन. फार तर साडेतीन."

ऑरिनने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मी दीड वर्ष उभ्यानं जेवतोय," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मी बसलो की हीपण बसते, मला बरं वाटावं म्हणून. मग हिला घास गिळवत नाही. म्हणून टेबलाच्या पायांखाली ठोकळे घातले आणि उभा राहायला लागलो. याचा आकडा काय होतो तो तुम्हीच लिहा."

"ट्रॅक्टरवर बसून बसून कंटाळा येतो म्हणून उभा राहतो, असं म्हणालास ना तू?" आर्डिस म्हणाली.

"वर्षातून किती दिवस बसतो गं मी ट्रॅक्टरवर?"

चाळीस वर्षांच्या संसारात तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. आर्डिसला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त त्याच्याबद्दल माया दाटून आली. सत्तरीचा माणूस रोज रात्री आपल्यासमोर थाळी हातात घेऊन उभा होता, आणि आपण ट्रॅक्टरवर विश्वास ठेवला. मारिसोलने आठ लिहिलं. आर्डिसने तो खोडायला लावला नाही.

इंजेक्शनने दुखणं गेलं नाही. पण कमी झालं. दर थांब्याला उतरत, मागच्या सीटवर आडवी होत ती बिलिंग्जला पोचली, आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर नातवाला मांडीवर घेऊन बसली. तो झोपला. कळ आली तेव्हा तिने दात आवळले, पण त्याला कुणाकडे दिलं नाही.

घरी परतल्यावर ऑरिनने ठोकळे काढले. जाळले नाहीत, गॅरेजच्या फळीवर ठेवले, कारण पुढचं कुणी सांगावं. मग दोघं जेवायला बसली. टेबलाला धरून खाली टेकताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिने यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"गुडघे?" तिने विचारलं.

"तक्रार करण्यासारखं काही नाही."

"शून्य ते दहा?"

त्याने विचार केला. "दीड."

आर्डिस उठली, फोनपाशी गेली आणि दवाखान्याचा नंबर फिरवला. मारिसोलच होती.

"नवऱ्यासाठी वेळ हवी आहे," आर्डिस म्हणाली. "तो दीड सांगेल. तुम्ही सात लिहा."

ऑरिनने मान वर केली नाही. बटाट्यांचं भांडं तेवढं तिच्या खुर्चीकडे सरकवलं.