आबांनी काढलेला व्हॉल्व्ह

त्या हिवाळ्यात आत्यानं दवाखान्यात जायला साफ नकार दिला. तिच्या किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला आण्याहून आळेफाट्याला डायलिसिसला न्यावं लागे, आणि पाळी मिळाली होती ती पहाटेची. पठारावरची पहाट म्हणजे हाडं गोठवणारी. त्यात गाडी माझी, म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची. ते गेल्यावर माझ्याकडं आलेली. हिटर लावला की तोंडावर फ्रीज उघडल्यासारखा गार वारा यायचा.

"मरायचंच हाय तर घरात गोधडीत मरंन. तुझ्या गाडीत काकडून न्हाई," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

डायलिसिसची एक पाळी चुकली. तिचे पाय सुजले, डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. आणखी चुकवली तर माझ्याकडं आणू नका, असंच म्हणाले. भाड्याची गाडी करतो म्हटलं तर आत्या म्हणे, भावाची गाडी असताना लोकाच्या गाडीत कशाला बसू? घ्या! हीतही बसायचं नाही आणि तीतही नाही. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे, माझ्या वाट्याला जरा जास्तच आलाय. मी तडक राजुरीला आमच्या जुन्या मिस्त्री चाचांचं गॅरेज गाठलं आणि सांगितलं, हिटर गरम झाल्याशिवाय मी इथून हलत नाही.

चाचा मूळचे जुन्नरचे, आबांच्या बरोबरीचे. घाई हा शब्द त्यांना माहीत नाही. आधी चहा सांगितला, मग बॉनेट उघडलं. पंखा फिरत होता, रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ होतं. त्यांनी इंजिन बराच वेळ चालू ठेवलं आणि हिटरला जाणाऱ्या दोन्ही पायपांवर मला हात ठेवायला लावला. एक गरम, एक गार असता तर हिटरची जाळी चोंदली असती. दोन्ही चांगले तापले असते तर आतली वारा वळवणारी झडप अडकली असती. इथं दोन्ही नुसतेच कोमट. डॅशबोर्डवरचा गरमीचा काटाही तळाशीच पडून होता. म्हणजे हिटर बिचारा निर्दोष. इंजिनच तापत नव्हतं.

इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तोच खराब झाला असणार म्हणून चाचांनी त्याचं घर खोललं. आत काहीच नाही. मोकळं! चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. मग ते मान हलवत हसायला लागले. म्हणाले, हा तर मीच काढलाय, तुमच्या आबांनी हट्ट धरून काढायला लावला होता.

तेव्हा मला सगळं आठवलं. कॉलेज सोडून मी आबांबरोबर जायचो ते दिवस. उन्हाळ्यात मागची सीट काढून टोमॅटोचे कॅरेट भरायचे आणि नगरचा बाजार गाठायचा. आण्याच्या घाटात ही गाडी हमखास उकळायची. वाफा काढत कशीबशी वर चढायची आणि थेट आत्याच्या दारात, रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभी राहायची. आत्या हंडा घेऊन बाहेर यायची. इंजिन निवेस्तोवर आबा बाजेवर आडवे व्हायचे, भाकरी आणि झणझणीत ठेचा यायचा, आणि बहीणभाऊ दोघं मिळून अख्ख्या भावकीची उणीदुणी काढायचे. आबांना इतकं पोटभर हसताना मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. पण माल उशिरा पोचून लिलाव हुकायला लागले, तसा आबांनी व्हॉल्व्ह काढायला लावला, म्हणजे पाणी सारखं रेडिएटरमधून फिरून इंजिन गारच राहील. मग गाडी घाट सरळ चढायला लागली. लिंबाजवळ आबा नुसता हॉर्न वाजवायचे.

चाचांनी नवा व्हॉल्व्ह बसवला, पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून हवेचे बुडबुडे निघेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. काटा हळूहळू उठून मध्यावर आला. मी हिटर लावला आणि हातावर गरम वारा आला, तसा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आत्याला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. बडबड चालूच होती. घाट उतरायला लागलो तशी ती गप्प झाली, शालीतून हात बाहेर काढले आणि समोरच्या जाळीवर धरले. मग विचारलं, काय बिघडलं व्हतं रं? मी सांगितलं. व्हॉल्व्ह, घाट, लिलाव, सगळं.

तिनं मान मागं टेकवली. मला वाटलं डोळा लागला.

"म्हंजी त्यापायी थांबायचा न्हाई व्हय त्यो?" ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या तोंडातनं कायतरी वावगं गेलं आसंल. हॉर्न वाजला की मी हंडा घेऊन दारात यायची आन गाडी फुडं गेलेली आसायची."

मी म्हटलं, अगं, दर भाऊबीजेला तर यायचे. त्यांना एकदा विचारायचं ना.

"भाऊबीजेचं येणं रीतीचं. इचारलं आन खरंच रागावलेला निघाला आसता, तर?"

आबांनी कधी मागं वळून लिंबाकडं पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि ते तिला सांगायची माझी छाती नव्हती. ती रडत होती, पण हात जाळीवरून काढत नव्हती. आळेफाट्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा पदरानं डोळे पुसून म्हणाली, "वर गेले की चांगली भांडणार हाये त्याच्याशी. पर इतक्यात न्हाई जायाची मी. फुडच्या पाळीला येळंवर ये."