ओट्याची उंची

दुपारचं जेवण उरकलं आहे, भांडी पालथी घातली आहेत, आणि प्रभावती मगदूम जयसिंगपुरातल्या भाड्याच्या खोलीत फरशीवर पांढरी चादर टाकून आडवी झाली आहे. फोन उशाशी आहे. झोपायचं नाही असं तिनं ठरवलं आहे. दिवस मावळायच्या आत अण्णाप्पा मिस्त्रीचा फोन यायचा आहे आणि त्याला एकच गोष्ट सांगायची आहे: नव्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्याची उंची.

उंची कळली की तो कडप्पा कापायला टाकणार. नाही कळली तर माणसं उचलून दुसऱ्या कामावर नेणार, आणि तोवर कारखाने सुरू होणार. एकदा उसाचा हंगाम लागला की त्याच्या हाताखालची माणसं कोयते घेऊन फडात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. काही येतही नाहीत. "या खेपेला थांबलं तर मॅडम, माझ्या भरवशावर राहू नका," असं तो परवा म्हणाला. जसं काही आजवर राहण्यासारखा भरवसा होता.

उंची सांगणं अवघड नाही. भिंतीवर खूण आहे, थोरल्या बहिणीनं, आक्कानं स्वतः केलेली. भिंत उभी राहिली त्या दिवशी आक्का तिथं जाऊन ताठ उभी राहिली, कोपर दुमडलं आणि कोपराखाली विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली. "भाकरी थापायची मी, तेव्हा माप माझं," म्हणाली. आक्का बुटकी, प्रभा उंच. त्या ओट्याशी प्रभाला जन्मभर वाकून उभं राहावं लागलं असतं, आणि तिची काही तक्रार नव्हती. दोघींनी लग्नं केली नाहीत. आक्का शाळेत, प्रभा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. भाड्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, स्टोव्ह जमिनीवर मांडून, दोघींच्या भाकरी आक्कानंच थापल्या. उभ्यानं स्वयंपाक करायचा ही तिची एवढीशी हौस होती.

गेल्या पौषात आक्का गेली. रेघ भिंतीवर आहे.

पंखा मंदावतो. वीज गेली असणार. पाती सुटी दिसू लागतात. हातपाय आधी जड होतात, मग रस्त्यावरचे आवाज लांब जातात. प्रभा हे सगळं बाजूला उभं राहून बघते, काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडताना द्रावणाचा रंग बदलायची वाट बघावी तसं. नेमका कुठल्या थेंबाला रंग बदलला ते कधीच कळत नाही. आधी पांढरं असतं, मग गुलाबी असतं.

दारात आक्का बसली आहे.

सिमेंटच्या पोत्यावर बसली आहे. पोतं कसलं, दगडच तो. पुराचं पाणी साइटवरच्या शेडमध्ये शिरलं तेव्हा रचलेली पोती जागच्या जागी घट्ट झाली. वरची पिशवी फाटून वाहून गेली, शिवणीची नक्षी तेवढी दगडावर उरली. सिमेंटला पाणी मिळालं की ते घट्ट होणार. कुणाचं घर, कशासाठी, ते सिमेंट विचारत नाही. पुढे त्याच दगडावर बसून आक्का कामावर नजर ठेवायची.

"झोपलीस होय गं?" आक्का विचारते. "फोन यायचाय ना?"

"झोपले नाही. डोळे मिटलेत."

"ऑफिसातल्या साहेबालाही हेच सांगायचीस?"

प्रभा उठून बसते. आक्काच्या अंगावर तिची फिकट निळी सुती साडी आहे, निऱ्यांना धूळ लागली आहे. पायात चपला आहेत.

"आक्का, घरात चपला?"

"घर कुठंय अजून, काढायला?"

खरंच नाही. खोलीची चुन्याची भिंत गेली आहे आणि तिथं उघड्या विटा आहेत. खिडक्यांना गज नाहीत, वर स्लॅबच्या तळाला लाकडी फळ्यांचे ठसे आहेत. कोपऱ्यात प्रभाचा देव्हारा मात्र जसाच्या तसा आहे, आणि दोरीवर तिचा टॉवेल. आक्का उठते. जिवंतपणी उठताना तिचे गुडघे वाजायचे, आता वाजत नाहीत. ती भिंतीपाशी जाते आणि बोटाच्या पेरानं एका विटेवर टकटक करते. आवाज बद्द येतो.

"कच्ची."

"पुरानंतर भट्ट्या बंद होत्या. मिळाली ती घेतली."

"अण्णाप्पानं घातली, आणि तू घेतलीस."

"मी परत पाठवा म्हटलं होतं."

"मग?"

"मग तो महिनाभर फिरकला नाही."

आक्का पदर तोंडाला लावून हसते. शाळेत वर्गाला पाठ करून अशीच हसायची, पोरांना दिसू नये म्हणून. प्रभालाही हसू येतं, पण तोंडाशी येऊन तिथंच राहतं.

स्वयंपाकघराच्या चौकटीतून दोघी आत जातात, आणि आत प्रयोगशाळा आहे. लांबलचक टेबलं, त्यांवर उंच काचेच्या नळ्या, प्रत्येकीत पाण्यात ढवळलेली माती. सगळ्या नळ्यांत एकच माती आहे, त्यांच्या प्लॉटमधली. काळी. पाण्यानं फुगणारी, उन्हानं भेगाळणारी. हिच्यावर घर धरायचं तर पाया खाली मुरुमापर्यंत न्यायला हवा, असं प्रभानंच सांगितलं होतं. खणत गेले तसं पाणी लागलं. पाणी उपसलं तेव्हा बाजू ढासळली. बाजू सावरली तोवर वाळू मिळेना. वाळू आली तेव्हा अण्णाप्पाच्या घरी लग्न निघालं.

आक्का एका नळीला डोळा लावते. "ह्यात आपण कुठं?"

"रेती तळाला जाते. लगेच. मग पोयटा."

"आणि हे गढूळ, वर राहिलेलं?"

"चिकणमाती. फार बारीक कण. खाली बसायला तिला फार वेळ लागतो."

"पण बसते."

"हलवलं नाही तर."

आक्का नळीला चापटी मारते. माती पुन्हा वर येते, सगळी, आणि नळी काळी होते. "अशी," आक्का म्हणते. "दर खेपेला कुणीतरी येतं आणि अशी मारतं."

खिडकीबाहेर पूर आहे. पाणी कठड्याला लागून उभं आहे, तपकिरी, आवाज न करता. त्यावरून गुळाची काहील तरंगत येते, आणि काहिलीत मधोमध मांडी घालून अण्णाप्पा बसला आहे, कपाळाला गंध, हातात ओळंबा. ओळंबा लोंबत नाही. आडवा राहिला आहे, वाऱ्यावर धरल्यासारखा.

"उद्या येतोय मॅडम!" तो हात हलवून ओरडतो. "सक्काळी सक्काळी!"

"ये बाबा," आक्का त्याला म्हणते. "माझं श्राद्ध घालायला ये."

"आपल्या जैनांत श्राद्ध घालतात कुठं?" प्रभा म्हणते.

"म्हणून तर बोलावलं. तो तरी कुठं येणार आहे?"

काहील वळणावरून दिसेनाशी होते. पाणी नसतंच मग. खिडकीत ऊन आहे, तांबडं, संध्याकाळचं. ही स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणून अण्णाप्पानं किती डोकं खाल्लं होतं. आक्कानं ऐकलं नाही. आमच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, म्हणाली, तेव्हा जाता जाता शेवटचं ऊन ताटात पडलं पाहिजे. प्रभाला ती खिडकी सगळ्या घराहून आवडायची. घर नव्हतं तेव्हाही.

"जेवायची वेळ झाली," आक्का म्हणते आणि भिंतीतून बाहेर आलेल्या कोरड्या पाइपाला पाणी गाळायचं फडकं बांधते. गाठ नीट मारते. पाइपातून काही येत नाही. ती ओंजळ खाली धरून थांबते.

"कनेक्शन मिळालेलं नाही, आक्का."

"बघतेय मी."

ती हात पुसते आणि भिंतीशी, रेघेपाशी जाऊन उभी राहते, त्या दिवशी उभी राहिली होती तशीच. प्रभा बघते. काहीतरी चुकतं आहे. रेघ कोपराखाली यायला हवी. ती आक्काच्या हनुवटीशी आहे.

"आक्का, रेघ वर गेली."

"रेघ कशी जाईल? मी खाली आलेय."

"म्हणजे?"

"असंच असतं. गेलेलं माणूस आखडत जातं." हे ती अगदी साधेपणानं सांगते, बाजारात आज वांगी नव्हती असं सांगावं तसं. "पौषात कोपराला होती. माघात खांद्याला. माझं माप धरून बसलीस तर तुझा ओटा जमिनीला टेकेल, प्रभे."

प्रभा गुडघ्यांवर बसते, म्हणजे दोघींचे डोळे समोरासमोर येतात. आक्काच्या भुवईत पिठाचा कण आहे. तो पुसायला प्रभा हात उचलते आणि हात पोचत नाही. अंतर तेवढंच आहे, हात तेवढाच आहे, तरी पोचत नाही.

"तू येणार आहेस का राहायला?"

"नाही."

"कधीच?"

"काय विचारतेस हे, शिकलेली बाई तू."

"मग मी कुणासाठी बांधू?"

"ते मला कशाला विचारतेस? मी मेले."

खिडकीतलं ऊन तिथंच आहे. सूर्य कठड्याला चिकटला आहे, मावळत नाही. प्रभाला भूक नाही, पण आता खाल्लं नाही तर पुन्हा कधी खाता येणार नाही असं वाटतं.

"मला ते घर नको आहे, आक्का."

"मग नको म्हण त्याला. ते पण म्हणत नाहीस." आक्काचा आवाज शाळेतला होतो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "त्यानं आपले दिवस खाल्ले, वर्षं खाल्ली. मी घर न बघता गेले, ते पाप त्याच्या पदरात घालीन मी. पण हे आत्ताचे दिवस त्यानं खाल्लेले नाहीत. तो उंची विचारतोय. तू सांगते, सांगते म्हणतेस आणि माझ्या रेघेकडे बघत बसतेस. आता अडलंय ते तुझ्यापाशी."

प्रभा पुन्हा रेघेकडेच बघते.

"ऊठ," आक्का म्हणते. "उभी राहा. सरळ! उंटीण नुसती, पाठीला पोक काढून चालते. भिंतीला लाग."

प्रभा भिंतीला पाठ लावते. विटांचा गारवा साडीतून आत येतो. आक्का खाली वाकून विटेचा तुकडा शोधते, मग चवड्यांवर उभी राहते, आणि तरीही पुरत नाही म्हणून सिमेंटचं ते दगडी पोतं ओढून त्यावर चढते. प्रभाचं कोपर हातात धरून दुमडते. तिचे हात ओले आहेत. थंड नाहीत, नुसते ओले, भाकरीचं पीठ मळताना असायचे तसे. ती तुकडा प्रभाच्या कोपराच्या टोकावर घासते, जोरात, शाळेच्या फळ्यावर अक्षर गिरवावं तसं, आणि कोपर भिंतीला दाबून धरते.

"दुखतंय आक्का."

"दुखू दे. हे तुझं."

"मला वाकायची सवय झालेली."

"माझ्या ओट्यावर? तो झालाच कुठं?"

मग आक्का पोत्यावरून उतरते, आणि उतरल्यावर ती प्रभाच्या कमरेएवढीही नाही. ती खिडकीकडे तोंड करते. ऊन तिच्या केसांवर आहे, मग फक्त कठड्यावर आहे. कुठेतरी घंटा वाजते. शाळा सुटल्याची असावी. घंटा वाजतच राहते.

फोन आहे.

प्रभा कोपरावर रेलून अर्धवट उठते आणि फोन कानाला लावते. पंखा फिरतो आहे. भिंती चुन्याच्या आहेत. खिडकीत ऊन उतरलं आहे, पण मावळलेलं नाही.

"अण्णाप्पा बोलतोय मॅडम. झोपला हुता काय?"

"नाही."

"ओट्याचं सांगताय न्हवं आज? आक्कांची रेघ धरतो की. पोरं थांबल्यात माझी."

तिकडे कुणीतरी फावडं आपटतं, कुणीतरी हसतं.

"हॅलो? मॅडम?"

"रेघेच्या वर," ती म्हणते. "चार बोटं."

"चार बोटं कुणाची? माझी का तुमची?"

"माझी. मी येऊन दाखवते. उद्या आहात?"

"उद्या?" तो जरा थांबतो. "उद्याचं काय हाय, मॅडम... परवा धरा. सक्काळी सक्काळी."

परवा तो येणार नाही हे तिला ठाऊक आहे. तेरवा आला तर आला.

"आणि ती रेघ? पुसून टाकू?"

"राहू दे. ओट्याखाली जाईल."

"बरं," तो म्हणतो, आणि आवाज खाली घेऊन पुन्हा, "बरं."

ती फोन ठेवते. हायसं वगैरे काही वाटत नाही. एक खूण होती, ती आता दगडाखाली जाईल. घर पुरं झालं तर त्यात एक बाई सरळ उभी राहून एका माणसाच्या भाकरी करील आणि खिडकीशी बसून दिवस मावळायच्या आत जेवील. पुरं नाही झालं तर तेही नाही. दोन्हींतलं कुठलं बरं, हे तिला सांगता येत नाही.

पीठ मळायला हवं. उठताना तिचं लक्ष चादरीकडे जातं. पांढऱ्या चादरीवर, ती रेलली होती तिथं, बोटभर तांबडा पट्टा आहे. ती कोपर वळवून बघते. कोपराच्या टोकावर, कातडीच्या सुरकुत्यांत, तीच तांबडी पूड आहे.

ती कारणं शोधते, कारण तिला तेच शिकवलेलं आहे. साइटवर गेले कित्येक दिवस ती फिरकलेली नाही. सकाळी आंघोळ झाली आहे. या खोलीत वीट नाही, कुंडी नाही, गेरू नाही.

मग ती पूड चिमटीत घेते, त्यात जिभेवरची थोडी ओल मिसळते आणि अंगठ्यानं तर्जनीवर चोळते, नोकरीभर हजारो गावांची माती चोळली तशी. किती रेती, किती चिकण, हे बोटांना कळतं. आधी खरखर लागते. मग, चोळत राहिल्यावर, ती मऊ होऊन बोटाला चिकटते. पुरती भाजलेली वीट अशी चिकटत नाही.

कच्ची आहे. त्यांच्याच भिंतीतली.